बाहुला तोच, लक्ष्या नाही

वर्धा नदीच्या पूर्व तीरावर आणि मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसलेले पुलगाव हे देवळी तालुक्यातील नगर वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर फारसे ठळक नसले, तरी मराठी चित्रपटाच्या प्रसाराचा विचार करताना त्याच्या स्थानाची दखल घ्यावी लागते. रेल्वेचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो, म्हणजे जुना वऱ्हाड. अलीकडचा काठ जुन्या मध्य प्रांताचा. १९०३ नंतर वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला, १९५६ साली हा सारा मुलूख मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, त्यामुळे सीमा म्हणून या नदीला असलेले महत्त्व राज्यकारभारातून केव्हाच संपले. चित्रपट-व्यवसायाने मात्र जुनी नावे टाकली नाहीत. वितरणाच्या सोयीसाठी देशाचे जे विभाग पाडले जातात आणि ज्यांना त्या धंद्यात ‘सर्किट’ म्हणतात, त्यांपैकी विदर्भ ज्यात येतो ते सर्किट ‘सी. पी. बेरार’ याच नावाने ओळखले जाते, आणि मुंबई-पुण्याकडचा मुलूख ज्यात मोडतो त्या सर्किटापासून त्याचा हिशेब निराळा ठेवला जातो. मराठी चित्रपट मराठी मुलखातच एका सर्किटातून दुसऱ्यात जावा लागणे ही गोष्ट विचित्र खरी, पण पुलगावच्या प्रेक्षकाचे मराठी चित्रपटाशी असलेले नाते समजून घ्यायचे तर या विचित्रपणापासूनच सुरुवात करावी लागते.

पुलगावची जडणघडण अशी: भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला, कापसाच्या पट्ट्यात कापडगिरणी उभी राहिली, १९१७ साली आर्वीकडे जाणारी अरुंद मापाची छोटी रेल्वे सुरू झाली, आणि पुढे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आले, ज्याचे नाव ३१ मे २०१६ च्या भीषण आगीमुळे देशभर पोहोचले. गिरणी आणि भांडार या दोहोंमुळे गावात बाहेरून माणसे येत राहिली, आणि घरात मराठी, बाजारात हिंदी, कामावर दोन्ही अशी भाषेची सहज सरमिसळ झाली. वर्धा शहरात १९३६ साली स्थापन झालेली राष्ट्रभाषा प्रचार समिती तर या भागात हिंदीची औपचारिक शाळाच होती. अशा गावातील पडद्यावर हिंदी चित्रपटाचे राज्य असणे स्वाभाविक होते; त्यामुळे येथील पुष्कळांच्या आयुष्यात मराठी चित्रपट चित्रपटगृहाच्या दारातून येण्याऐवजी घरातल्या दूरचित्रवाणीच्या पेटीतून आला, आधी दूरदर्शनवरून, मग केबलवरून, आणि २००७ नंतर केवळ मराठी चित्रपट दाखवणाऱ्या झी टॉकीज या वाहिनीवरून. चित्रपटगृहात एकदा पाहिलेला चित्रपट आठवणीत राहतो आणि आठवणीत बदलतही जातो. घरी वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला चित्रपट मात्र पाठ होतो, त्याचे संवाद, त्यातील माणसांचे स्वभाव आणि मुख्य म्हणजे त्यातील चमत्कारांच्या अटी पाहणाऱ्याच्या अंगवळणी पडतात. ज्याला साधा प्रेक्षक न म्हणता ‘चाहता’ म्हणावे, तो या दुसऱ्या प्रकारातून तयार होतो, आणि त्याच्या अपेक्षाभंगाचे स्वरूपही वेगळे असते.

महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला ‘झपाटलेला’ (१९९३) हा अशा रीतीने पाठ झालेल्या मराठी चित्रपटांमधला बहुधा अग्रगण्य, आणि त्याचा उत्तरभाग ‘झपाटलेला २’ (२०१३) हे अपेक्षाभंगाच्या अभ्यासासाठी मराठीत उपलब्ध असलेले सर्वांत बोलके उदाहरण. येथे अपेक्षाभंग आणि व्यावसायिक अपयश यांची गल्लत करून चालणार नाही. उत्तरभागाच्या पहिल्या दिवसांतील गर्दी ही मुळात पहिल्या भागावरच्या प्रेमाची गर्दी असते, आणि तिकिटाच्या खिडकीवर जमा झालेल्या पैशांतून तो प्रेक्षक बाहेर पडताना कोणत्या मनःस्थितीत होता हे कळत नाही. पाहण्याजोगा प्रश्न असा की ज्या चित्रपटात दिग्दर्शक तोच, बाहुला तोच आणि बाहुल्याचा आवाजही तोच होता, तो पाहून आल्यावर अनेक चाहत्यांना काहीतरी हुकल्याची भावना का झाली.

यासाठी अद्भुत कथेच्या स्वरूपाकडे क्षणभर वळणे आवश्यक आहे. भारतीय रसविचारात अद्भुत हा स्वतंत्र रस मानला असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळापासून वसलेली आणि योग्य सामग्री मिळताच जागी होणारी भावना होय. मात्र विस्मय जागवण्यासाठी वाटेल ते घडवून चालत नाही. आनंदवर्धनाने रसभंगाचे, म्हणजे रसास्वाद मध्येच तुटण्याचे, कारण अनौचित्यात शोधले, आणि क्षेमेंद्राने पुढे औचित्यावर स्वतंत्र ग्रंथ रचला. औचित्य म्हणजे कथेतील प्रत्येक गोष्ट त्या कथेच्या स्वभावाला साजेशी असणे. युरोपात जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात जवळजवळ याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार केला. लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो, त्या जगाच्या नियमांनुसार जे घडते ते वाचक आत असेपर्यंत खरे मानतो, आणि नियम मोडला की तो बाहेर फेकला जातो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. मराठी समीक्षेने अद्भुताला फार काळ संशयाने पाहिले. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या कादंबऱ्यांच्या पार्श्वभूमीवर काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल आणि नाटक यांवर लिहिलेल्या निबंधापासून वास्तवाचा आग्रह वाढत गेला, आणि हरिभाऊ आपट्यांनंतर तो जवळपास प्रमाण ठरला. अद्भुताला स्वतःचा कायदा असतो, तो पाळला की नाही एवढेच विचारावे, ही साधी भूमिका आपल्याकडे समीक्षकांपेक्षा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या पोरांनी अधिक काटेकोरपणे घेतली असे म्हणावे लागते.

‘झपाटलेला’चा कायदा थोडक्यात असा. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. या मंत्राने मरणाऱ्याचा आत्मा दुसऱ्या शरीरात शिरू शकतो. पोलीस अधिकारी महेश जाधव याच्या गोळीने मरताना तो जवळच्या एका बाहुल्यात शिरतो, आणि हा बाहुला श्रीरंगपूर गावातील लक्ष्या बोलके या साध्याभोळ्या माणसाच्या हाती पडतो. बाहुल्याच्या शरीरातून पुन्हा माणसात यायचे तर तात्याला त्याच माणसाचे शरीर घ्यावे लागेल, ज्याच्यापुढे त्याने आपले खरे रूप प्रथम उघड केले. तो माणूस म्हणजे लक्ष्या. बाहुल्याचा अंत करायचा तर नेम दोन भुवयांच्या मध्येच बसला पाहिजे. अटी इतक्या मोजक्या आणि इतक्या नेमक्या आहेत की पाच-सहा वर्षांच्या मुलालाही त्या एकदा ऐकून सांगता येतात, आणि चित्रपटाची सारी धावपळ, सारे भय आणि सारा विनोद या अटींच्या आतच घडतो.

या कथेचे मूळ अमेरिकी चित्रपट ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) यात आहे हे सर्वज्ञात आहे, आणि या ऋणाचा उल्लेख बहुधा किंचित हिणवण्याच्या सुरात केला जातो. हा सूर अन्यायकारक आहे, कारण मराठी रूपांतरात एक बदल असा झाला की ज्यामुळे कथेचा आसच पालटला. अमेरिकी चित्रपटात खुनी आत्मा शिरलेला बाहुला एका लहान मुलाकडे येतो. बाहुला बोलतो असे मूल सांगते आणि ते मूल असल्यामुळेच मोठी माणसे त्यावर विश्वास ठेवत नाहीत. कोठारे यांच्या चित्रपटात मुलाच्या जागी शब्दभ्रमाची हौस असलेला प्रौढ माणूस आला. शब्दभ्रम म्हणजे ओठ न हलवता असे बोलणे की आवाज हातातल्या बाहुल्याच्या तोंडून आल्याचा भास व्हावा. ज्याची विद्याच बाहुल्याला बोलते करण्याची, तो कळवळून सांगतो की बाहुला आपणहून बोलला, तेव्हा त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? अविश्वासाचे कारण वयातून उचलून कलेत नेऊन ठेवल्याबरोबर भय आणि विनोद एकाच प्रसंगातून निघू लागले: बाहुला शिवी हासडतो आणि शिक्षा लक्ष्याला होते, बाहुला धमकी देतो आणि लोक लक्ष्याच्या कलेचे कौतुक करतात. मूळ कथेला न सुचलेली ही युक्ती आहे, आणि मराठी प्रेक्षकाला ती समजावून सांगण्याची गरजही नव्हती.

गरज नव्हती याचे श्रेय पाध्ये घराण्याला जाते. यशवंत केशव पाध्ये यांनी महाराष्ट्रात बोलक्या बाहुल्यांची कला रुजवली. त्यांचा अर्धवटराव हा बाहुला आणि त्याची बायको आवडाबाई ही जोडी अनेक पिढ्यांना घरच्या माणसांसारखी परिचित होती. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी १९६७ साली स्वतंत्रपणे रंगमंचावर पाऊल ठेवले, वडिलांच्या बाहुल्याचा आवाज पुढे चालवला, आणि दूरचित्रवाणीच्या काळात पापडाच्या जाहिरातीतील सशापर्यंत या कलेची व्याप्ती नेली. तात्या विंचूचा बाहुला त्यांनीच घडवला. शब्दभ्रमकाराने वडिलांचा बाहुला हाती घेणे म्हणजे एका अर्थी उत्तरभाग सादर करणेच असते: बाहुला तोच राहतो, आतला हात बदलतो, आणि जुन्या प्रेक्षकाला तो बदल जाणवू नये ही नव्या कलावंताची पहिली कसोटी ठरते. अर्धवटरावाच्या बाबतीत ही कसोटी उत्तीर्ण झाली, याचे कारण त्या खेळात हात पडद्याआड नसून समोर बसलेला असतो. कलावंत दिसतो, त्याचे वय दिसते, आणि बाहुल्याचे व त्याचे भांडण हाच खेळ असल्यामुळे नव्या माणसाशी नवे भांडण उभे राहते. ‘झपाटलेला’मध्ये बाहुल्याच्या समोर असलेला माणूस म्हणजे लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे होते.

बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी वारले. वय अवघे पन्नास. ‘झपाटलेला २’ ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्यांना जाऊन साडेआठ वर्षे लोटली होती, म्हणजे उत्तरभागाची कल्पना मुळातच एका पोकळीभोवती रचावी लागली. कथेत ही पोकळी लक्ष्याचा मुलगा आदित्य बोलके याच्याकरवी भरण्यात आली आणि ती भूमिका दिग्दर्शकाचे पुत्र आदिनाथ कोठारे यांनी केली, ज्यांना प्रेक्षकांनी ‘माझा छकुला’ (१९९४) मध्ये लहानपणी पाहिले होते. सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी नव्या पिढीची मंडळी आली, महेश जाधवच्या भूमिकेत महेश कोठारे स्वतः परतले, आणि तात्याचा आवाज पुन्हा दिलीप प्रभावळकर यांनी दिला. (वर्धा जिल्ह्यात बसून विचार करणाऱ्याला येथे एक गंमत सुचल्यावाचून राहत नाही. तात्या विंचूला आवाज देणाऱ्या याच नटाने ‘लगे रहो मुन्नाभाई’ या २००६ च्या चित्रपटात महात्मा गांधी साकारले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. सेवाग्रामच्या जिल्ह्यातील घरांत एकाच रविवारी दोन वाहिन्यांवर हे दोन्ही आवाज ऐकू येणे अशक्य नव्हते.)

उत्तरभागाचे दोष सांगताना बहुतेक टीका विनोदाच्या दर्जाकडे, गाण्यांकडे किंवा नव्या नटांच्या तुलनेकडे वळते. बेर्डे यांची सर कोणाला येणार नाही हे विधान खरे असले तरी त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण उत्तम नट घेतला असता तरी अडचण राहिलीच असती. अडचण नटात नसून ज्ञानात होती. पहिल्या चित्रपटाचे इंजिन एका शंकेवर चालत होते: बोलतो आहे तो बाहुला की लक्ष्या? प्रेक्षकाला उत्तर ठाऊक होते, गावाला नव्हते, आणि या दोहोंमधल्या अंतरात लक्ष्याची सारी फरफट होत होती. चित्रपटाच्या शेवटी हे अंतर मिटले, श्रीरंगपूरला सत्य कळले, आणि एकदा कळलेले सत्य दुसऱ्या भागात पुन्हा न कळलेले करता येत नाही. वीस वर्षे महाराष्ट्रातली शेंबडी पोरे ज्या बाहुल्याचा मंत्र अंगणात म्हणत होती, तो बाहुला जिवंत आहे की नाही अशी शंका पडद्यावरच्या कोणालाही आली तरी ती प्रेक्षकाला खोटी वाटणार, आणि आली नाही तर लक्ष्याचे स्थान घेणाऱ्या माणसाला एकटे पाडणारे काहीच उरत नाही. आदित्य हा तरणाबांड, सुसज्ज आणि ज्याच्या बाजूला माणसे उभी आहेत असा नायक झाला. भुताशी लढणारा नायक म्हणून तो चालून जाईल, पण भुताचे बोलणे आपल्याच तोंडी घातले जाते म्हणून रडकुंडीला आलेला माणूस तो नव्हे.

कायद्याच्या दृष्टीनेही उत्तरभाग अवघड जागी उभा होता. पहिल्या भागाने तात्याची मुक्ती ज्या एका शरीराशी बांधली, ते शरीरच नाहीसे झाल्यावर अट कोठेतरी वळवावी लागणार हे उघड आहे, आणि ती रक्ताच्या नात्याकडे, म्हणजे मुलाकडे, वळवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. सोपा मार्ग चुकीचाच असतो असे नाही. मात्र पहिल्या अटीचे सौंदर्य हे होते की ती तात्याच्या स्वतःच्या फुशारकीतून निर्माण झाली: त्याला आपली ओळख सांगितल्यावाचून राहवले नाही, आणि ज्याला सांगितली त्याच्याशी तो अडकला. कृतीतून आलेली अट नैतिक असते, जन्मातून आलेली अट केवळ वंशावळीची असते. तसेच भुवयांमधला नेम साधल्यावर तात्या संपतो, असे एकदा सांगून आणि दाखवून झाल्यावर त्याला पुन्हा उठवणे म्हणजे शिक्षेच्या अंतिमतेवरचा विश्वास ढिला करणे, आणि पुढच्या वेळी तोच नेम साधला तेव्हा चाहता सुटकेचा श्वास न घेता तिसऱ्या भागाचा विचार करू लागणे, हा त्याचा अटळ परिणाम होता.

तिसऱ्या मितीचा मुद्दा तुलनेने किरकोळ, तरी पुलगावच्या संदर्भात तो टाळता येत नाही. ‘झपाटलेला २’ची जाहिरात मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट अशी झाली. दोन डोळ्यांना किंचित निराळ्या कोनांतून टिपलेली दोन चित्रे वेगवेगळी पोहोचवली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो, हे त्रिमितीचे तत्त्व. त्यासाठी विशेष चष्मा, योग्य प्रक्षेपक आणि अनेक पद्धतींत चंदेरी लेप दिलेला पडदा लागतो. भारतात मल्याळम् ‘माय डिअर कुट्टीचातन’ने १९८४ साली हा प्रयोग केला होता, पुढे त्याचे हिंदी रूप ‘छोटा चेतन’ म्हणून गाजले, आणि ‘अवतार’ (२००९) नंतर जगभर त्रिमितीची लाट आली. कोठारे यांना तंत्राची ओढ जुनी. ‘धडाकेबाज’ (१९९०) सिनेमास्कोपमध्ये करणारा हा दिग्दर्शक त्रिमितीकडे वळला यात नवल नाही. पण ज्या चाहत्याने तात्याला चौदा-वीस इंची पेटीत, मुंग्या आलेल्या चित्रात पाहून भीती अनुभवली होती, त्याच्यासाठी बाहुल्याचा हात पडद्याबाहेर येणे ही भीतीची वाढ नव्हती. पहिल्या बाहुल्याची हालचाल अडखळती होती, चेहरा ताठ होता, आणि त्या ताठपणामुळेच तो कोपऱ्यात नुसता बसलेला असतानाही नजर त्याच्याकडे जात असे. जी वस्तू हलेल की नाही याची खात्री नसते तिचे भय वाटते. जी सफाईने उड्या मारते तिचे कौतुक वाटते.

उत्तरभाग म्हणजे अपेक्षाभंगच, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल, आणि त्याचा प्रतिवाद करणारे उदाहरण या द्विभाषिक गावाच्या दुसऱ्या भाषेतच आहे. देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची हिंदी कादंबरी ‘चंद्रकांता’ १८८८ च्या सुमारास आली, आणि तिच्या पुढे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग वाचकांनी तितक्याच असोशीने वाचले, केवळ या कादंबऱ्या वाचण्यासाठी अनेकांनी हिंदी शिकून घेतली असे हिंदी साहित्याचे इतिहासकार नोंदवतात. या कथांच्या केंद्रस्थानी ‘तिलिस्म’ असते, म्हणजे खजिना राखण्यासाठी बांधलेली गूढ, यांत्रिक भुलभुलय्यासारखी वास्तू, जी नियत केलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला उघडता येत नाही. आणि ‘ऐयार’ असतात, म्हणजे वेषांतर, हेरगिरी व औषधी यांत निपुण असलेले राजाचे सेवक, ज्यांच्या बटव्यात बेशुद्धाला शुद्धीवर आणणारा लखलखा कायम असतो. खत्री यांनी आपल्या अद्भुताला यंत्राचा आधार दिला: भिंत सरकते ती कळ दाबल्यामुळे, पुतळा हलतो तो आतील चक्रांमुळे. पुढच्या भागात नवे तिलिस्म आले तरी जुन्याचा नियम मोडावा लागला नाही, कारण नियम एका माणसाला न बांधता बांधकामाच्या विद्येला बांधलेला होता. शिवाय राजपुत्रांची पुढची पिढी नवे तिलिस्म उघडण्यासाठीच जन्माला आली होती. येथे वारसा हा कथेचा स्वभाव होता, तडजोड नव्हती. खत्री यांच्या मृत्यूनंतर अपूर्ण राहिलेले ‘भूतनाथ’ त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केले. १९९४ साली नीरजा गुलेरी यांची दूरदर्शन मालिका आली तेव्हा मात्र मूळ कादंबरी जाणणाऱ्यांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारचा अपेक्षाभंग आला, कारण मालिकेने पात्रांची नावे घेतली आणि कथा आपल्या सोयीने वाटेल तशी वाढवली. ज्यांनी कादंबरी वाचलीच नव्हती, त्या बहुसंख्य मराठी घरांना मालिकेतील खलनायक क्रूरसिंगाच्या भुवया एवढ्या आवडल्या की तक्रारीचा प्रश्नच उद्भवला नाही.

अमेरिकेतील मूळ बाहुल्याचे पुढे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे. ‘चाइल्ड्स प्ले’चे दोन उत्तरभाग १९९० आणि १९९१ साली आले आणि पहिल्याचीच उजळणी करत राहिले, १९९८ च्या भागात लेखक डॉन मॅन्सिनी यांनी बाहुल्याला जोडीदारीण दिली, भयकथेचे विडंबन केले, आणि बाहुल्यालाच नायक बनवले. ब्रॅड डूरिफ यांचा आवाज या साऱ्या भागांत टिकला, जसा आपल्याकडे प्रभावळकरांचा टिकला. पण तेथे भयाकडून विनोदाकडे जाण्याची वाट मोकळी होती. ‘झपाटलेला’ पहिल्या दिवसापासून अर्धा विनोदी होता. तात्या प्रथमपासूनच कोल्हापुरी मिरचीइतका तिखट आणि तेवढाच चटकदार होता. त्यामुळे उत्तरभागाला वळण्यासाठी दिशाच शिल्लक नव्हती, फार तर घोर भयाची, आणि मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या प्रेक्षकवर्गाचा विचार करता ती निवडणे कोणाही निर्मात्याला कठीण गेले असते.

चाहत्याला हवे होते तरी काय, याचे उत्तर कोठारे यांनी स्वतःच नऊ वर्षे आधी देऊन ठेवले होते. ‘पछाडलेला’ (२००४) हा ‘झपाटलेला’चा उत्तरभाग नाही, त्यात तात्या नाही, श्रीरंगपूर नाही, बाहुला हा कथेचा आधार नाही. भरत जाधव, श्रेयस तळपदे आणि अमेय हुनसवाडकर हे तिघे मित्र एका भुताटकीच्या वाड्यात जातात आणि दिलीप प्रभावळकर यांचा इनामदार भुसनाळे त्यांच्या वाट्याला येतो. येथे नवी जागा आहे, नवे पिशाच्च आहे, त्याच्या हट्टाचा नवा कायदा आहे, आणि भय व विनोद यांचे प्रमाण मात्र जुनेच आहे. दूरचित्रवाणीवर हा चित्रपटही पाठ झाला, त्याची वाक्ये गल्लीबोळांत बोलली गेली, आणि कोणी त्याची ‘झपाटलेला’शी तुलना करून हळहळले नाही, कारण त्याने जुन्या कथेवर हक्क सांगितला नव्हता. चाहता सांगताना ‘तात्या विंचू परत हवा’ असे म्हणतो, आणि निर्माता ते शब्दशः घेतो. परंतु त्या मागणीत दडलेली इच्छा तात्या पहिल्यांदा बोलला त्या क्षणाच्या पुनरावृत्तीची असते, आणि ओळखीच्या पात्राकडून तो क्षण पुन्हा मिळणे स्वभावतःच दुरापास्त असते.

वितरणाच्या बाजूनेही एक विसंगती नोंदवावी लागते. १९९३ साली पुण्या-मुंबईकडे गाजणारा मराठी चित्रपट सी. पी. बेरारच्या लहान गावांत केव्हा आणि किती दिवसांसाठी येईल, हे छापील प्रतींच्या संख्येवर आणि वितरकाच्या धाडसावर अवलंबून असे. त्याच चित्रपटाचे ‘खिलौना बना खलनायक’ हे हिंदी रूपही १९९५ साली आले, आणि पुलगावसारख्या ठिकाणी तात्या विंचू दोन भाषांत बोलू शकला. २०१३ पर्यंत डिजिटल प्रक्षेपणामुळे प्रतींचा खर्च घटला होता आणि चित्रपट एकाच दिवशी दूरवर पोहोचवणे शक्य झाले होते. म्हणजे जो भाग मनापासून आवडला तो घरी बसून, उशिरा आणि तुटक पाहावा लागला, आणि ज्याने निराशा केली तो वेळेवर मिळण्याची सोय झाली. विदर्भातील मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला अशा गोष्टी नव्या नाहीत.

‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली असून त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याचा मनोदय कोठारे यांनी व्यक्त केला आहे. जुन्या चित्रफितींवरून यंत्राला चेहरा, हावभाव आणि आवाज शिकवून दिवंगत नटाची नवी दृश्ये तयार करणे आता शक्य आहे. परदेशी चित्रपटांत ते झालेही आहे, आणि दिवंगत नटाच्या वतीने संमती कोणी द्यायची यावर तेथे वादही झाले आहेत. मराठी चाहत्यांमध्ये या घोषणेने उत्सुकता आणि धास्ती दोन्ही निर्माण होणे साहजिक आहे. परंतु येथवरच्या विवेचनातून निघणारा प्रश्न चेहऱ्याचा नाही. १९९३ चा लक्ष्या हा बाहुला बोलतो हे ज्याला पटवून देता येत नाही असा माणूस होता, आणि त्याची तगमग बेर्डे यांनी डोळ्यांच्या उघडझापीतून, घशात अडकलेल्या आवाजातून आणि समोरच्याकडे मदतीसाठी पाहण्याच्या त्या खास लकबीतून उभी केली. यंत्राने घडवलेल्या लक्ष्याला तात्या कोण हे ठाऊक असेल, तर तो आदित्यसारखाच दुसरा नायक ठरेल. ठाऊक नसेल, तर गावाने, महेश जाधवने आणि प्रेक्षकाने मधल्या साऱ्या वर्षांत जे जाणले ते त्याच्यापुरते पुसण्यासाठी पटकथेला नवा आणि पटण्याजोगा कायदा शोधावा लागेल. संगणकावर चेहरा घडवणाऱ्या तंत्रज्ञांचे काम त्यानंतरचे आहे.